ब्रेकमधली एअर काढायला माणूस, पंप की नुसती वाट बघायची? (जुन्या ८००वाल्यांसाठी)

मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक लावणारा) लीक होता, तो बदलला, ड्रम चढवला आणि पॅडल दाबलं तर थेट खाली टेकलं. म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपात एअर. ती काढायचे तिन्ही प्रकार आमच्या ९८च्या मारुती ८००वर करून झालेत, म्हणून सांगतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दोन माणसं. आमच्याकडे बाबा सीटवर, मी चाकापाशी पाना घेऊन. "बाबा, दाबा... धरून ठेवा," मग निपल (व्हील सिलिंडरवरचा, एअर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पाव फेरा ढिला, नळीतून बाटलीत काळपट ऑइल आणि बुडबुडे, निपल बंद आणि "हं, सोडा आता". बाबांनी एकदा आधीच पाय उचलला आणि बाटलीतलं ऑइल नळीतून सुर्रकन परत वर, तेव्हापासून ते "सोडू?" असं विचारल्याशिवाय सोडत नाहीत. जुन्या गाडीत अजून एक, पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवाच. रोज ब्रेक मारताना मास्टर सिलिंडरचं (पॅडल दाबलं की सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचं) रबर शेवटच्या टोकापर्यंत जात नाही, तिथे गंज आणि कचरा बसलेला असतो, आणि पॅडल पार खाली नेलं की रबर त्यावर घासून फाटतं, मग एअर राहिली बाजूला, मास्टर सिलिंडरचाच खर्च.

हाताचा व्हॅक्यूम पंप एकट्यासाठी बरा. पण तो निपलच्या आट्यांमधूनही बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे नळीत बुडबुडे संपतच नाहीत, मी अर्धी दुपार त्यात घालवली. आट्यांना बाहेरून ग्रीस लावलं की कमी होतं. जुनं ऑइल बदलायला पंप भारी, एअरसाठी मी अजूनही बाबांनाच हाक मारतो.

तिसरं, निपल उघडा, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण ढिलं करा आणि बसून राहा, ऑइल आपोआप टपकतं. एकच चाक उघडलं असेल तर चालतं, पण पाइपच्या उंच वळणात अडकलेली हवा यात हटत नाही.

निपल गंजून जाम असेल किंवा मास्टर सिलिंडरच बदलला असेल तर सरळ गॅरेजला द्या.

काहीही करा, टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सगळं. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच आणि सीलबंद डब्यातलं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं, नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच लिमिट १४०वर येते. सिलिकॉनवालं डॉट ५ यात अजिबात नको. आणि बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

एवढं करूनही पॅडल खालीच जात असेल तर दोनतीनदा पंप करून बघा. वर आल्यावर दगडासारखं कडक लागलं तर बहुतेक एअर नसते, मागच्या शूजची (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांची) ड्रमपासूनची गॅप जास्त असते. मी ड्रम चढवताना ही गॅप ठरवणारा ॲडजस्टर मागे घेतला तो तसाच विसरलो होतो, आणि हे कळेपर्यंत अर्धा लिटर ऑइल बाटलीत गेलं होतं.