ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स गेला: आपलाच उघडून घ्यावा, की वापरलेला आणून घरी बसवावा?

कुंभार्ली घाटात भरलेली पिकअप चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. किंवा सकाळी 'डी'मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, आणि मग झटका देऊन निघते. अशा गाडीच्या मालकापुढे दोन रस्ते असतात. आपला बॉक्स उतरवून पुण्या-मुंबईच्या नाहीतर कोल्हापूरच्या, ऑटोमॅटिक उघडणाऱ्या कारागिराकडे पाठवायचा. नाहीतर अपघातात गेलेल्या गाडीचा वापरलेला बॉक्स आणून बसवायचा. दोन्हींत उतरवणं-चढवणं घरच्या खळ्यात करायचा विचार असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे.

तिसरा सल्लाही गावात हमखास मिळतो: 'मॅन्युअल करून टाक.' तो मी इथेच बाजूला ठेवतो. क्लच पेडल, त्याचे सिलिंडर, फ्लायव्हील, प्रोपेलर शाफ्टची लांबी हे सगळं जमवलं तरी इंजिनाचा कॉम्प्युटर ऑटोमॅटिकच्या मॉड्यूलला, म्हणजे बॉक्सच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला, शोधत राहतो, आणि डॅशबोर्डवरचे दिवे काही विझत नाहीत.

आधी बॉक्सच दोषी आहे का, ते बघा

किनाऱ्यावरच्या गाडीत ही पायरी टाळूच नका. हर्णै किंवा मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी खाली गळतं आणि थेट बॉक्सच्या वायरिंगवर उतरतं. कनेक्टर सोडवून पाहिलात तर पिनांवर हिरवट भुकटी साचलेली दिसते. तेवढ्यानेही गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, कारण सिग्नल बिघडला की मॉड्यूल बॉक्स वाचवायला बाकीचे गिअर बंद करून टाकतं. कनेक्टर साफ करा, बॅटरीपासून इंजिन आणि चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट करा, स्कॅनर लावून कोड वाचा आणि मगच पुढचं बोला.

नंतर ऑइल. लालसर आणि स्वच्छ असेल तर आशा आहे. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा गेल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. काही गाड्यांत बॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्या कुलरमधून फिरतं. तिथे चीर गेली की कुलंट ऑइलमध्ये मिसळतं. असा रेडिएटर न बदलता दुसरा बॉक्स चढवला, तर तोही त्याच पाण्याने जाणार.

आणि चासी. मागच्या चाकांच्या वर, हौद्याच्या बोल्टांपाशी हातोडीने ठोकून बघा. आवाज बसका आला आणि पापुद्रे निघाले, तर कुठल्याही बॉक्सवर पैसे घालायच्या आधी चासीवाल्याला दाखवा.

वापरलेला बॉक्स

याचा मोठा गुण म्हणजे वेळ. माल हातात असेल तर गाडी लवकर चालू होते आणि खर्च बहुतेकदा कमी पडतो. अडचण ही की आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप मुळात थोड्या. इसुझू व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटर डिझेलला सहा गिअरचा ऑटोमॅटिक २०१९ मध्ये आला, म्हणजे भंगारात येणारे बॉक्सही मोजकेच. मग दुकानदार 'इसुझूचाच आहे' म्हणून एमयू-एक्सचा, म्हणजे त्याच कंपनीच्या एसयूव्हीचा, पुढे करतो. तो तीन लिटर इंजिनाचा, पाच गिअरचा. तुमच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) आणि फोर बाय टू (दोनच चाकं ओढणारी) यांच्या बॉक्सची मागची बाजूही वेगळी असते. म्हणून बॉक्सवरच्या पट्टीवरचा नंबर तुमच्या पट्टीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. नुसत्या आकारावर जाऊ नका.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुराच्या बॉक्सची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडालं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. असे पूर कोल्हापूर-सांगलीकडेही आलेत. बुडालेली गाडी विम्यात निकाली निघाली की तिचे भाग सुटे होऊन बाजारात फिरतात. ऑटोमॅटिक बॉक्सला हवा घ्यायला ब्रीदरची नळी असते, तिच्यातून पाणी आत शिरतं. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं आणि चिकटवलेलं असतं. ते पाणी पितं, फुगतं आणि सुटायला लागतं. लोखंडी भाग गंजतात ते वेगळंच. असा बॉक्स सपाटीवर सुरुवातीला बरा चालतो आणि आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढायला लागलात की अस्तर सोडतो.

म्हणून पैसे देण्याआधी चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाची ऑइलची परात, उघडून दाखवायला सांगा. तळातल्या लोहचुंबकांवर राखाडी, मऊ लोण्यासारखा थर असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण, गंजाचे ठिपके किंवा अस्तराचे काळे तुकडे असतील तर सोडून द्या. ब्रीदरच्या टोकाशी आणि कनेक्टरच्या खोबणीत सुकलेला गाळ, बेल हाउसिंगच्या (इंजिनाला टेकणाऱ्या, घंटेसारख्या पुढच्या भागाच्या) आत पाण्याची आडवी रेघ, यांतलं एक जरी दिसलं तरी परत फिरा. बिलावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून मागा. चेंबर उघडू न देणाऱ्याकडून मी बॉक्स घेणार नाही, मग किंमत काहीही असो.

आपलाच बॉक्स उघडून घेणं

इथे वाट बघावी लागते आणि पैसे जास्त लागतात. त्यातही 'ओव्हरहॉल' म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून घ्यावं लागतं. प्लेटा आणि सीलचं पूर्ण किट, व्हॉल्व्ह बॉडीची (ऑइलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणाऱ्या भागाची) सफाई, आणि टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा डबा) कापून दुरुस्त केलेला. जळलेल्या प्लेटांचा बराचसा कचरा कन्व्हर्टरमध्येच साचतो. तो तसाच परत आला तर नव्या प्लेटा त्याच कचऱ्यावर चालणार.

तरीही माझा कौल इकडेच झुकतो, आणि त्याचं कारण बसवल्यानंतरच्या दिवसांत आहे. घरी केलेल्या कामात गाडी पहिल्याच स्टार्टला निमूट चालली तर नशीब. बहुधा काहीतरी निघतं. आपला बॉक्स असेल तर नंबर तोच, वायरिंग तेच, मॉड्यूल तेच, केबल तीच. कारागीर विश्वासाचा असेल तर दोष आधी आपल्या बसवण्यात शोधायचा, हे ठरलेलं. वापरलेला असेल तर प्रत्येक लक्षणाला दोन उत्तरं निघतात: बॉक्स मुळात खराब, की आपण चुकीचा बसवला? ते ठरवण्यासाठी एवढं वजन परत उतरवावं लागतं.

बसवल्यावर काय बिघडतं

गाडी कुठल्याच गिअरमध्ये हलली नाही, तर बॉक्स कुठलाही असो, आधी ऑइल बघा. कन्व्हर्टर रिकामा असेल तर तो कित्येक लिटर ऑइल पितो, म्हणून चढवण्यापूर्वीच त्यात थोडं ओतावं. पातळी इंजिन चालू ठेवून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच बघायची. कमी असलं तर गिअर उशिरा लागतो आणि पंप कण्हतो. जास्त झालं तर फेस होऊन पुन्हा स्लिपच, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही.

ऑइल बरोबर असूनही हलत नसेल आणि पुढून खरखर येत असेल, तर कन्व्हर्टर पूर्ण बसला नव्हता अशी शंका घ्या. घरच्या कामात सर्वांत महाग पडणारी गोष्ट हीच. कन्व्हर्टर आत ढकलत गोल फिरवायचा. तो दोन-तीन वेळा 'टक' करून एकेक पायरी आत सरकतो आणि शेवटी पंपाच्या खाचेत बसतो. शेवटचा टक झाला नाही तर बेल हाउसिंग इंजिनाला टेकत नाही, थोडी फट राहते. ती फट बोल्टांनी आवळून मिटवली की पंपच फुटतो. बेल हाउसिंग हाताने ढकलूनच टेकली पाहिजे. त्यानंतर कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनाच्या मागची चकती, जिला कन्व्हर्टर जोडतात) थोडं अंतर राहिलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ५ मिलिमीटर असतं. इंजिनाच्या मागच्या तोंडावरच्या दोन डॉवेल पिना (बॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, तेही तेव्हाच बघा. त्या नसतील तर बॉक्स किंचित तिरका बसतो आणि पुढचं सील गळायला लागतं.

'पी'मध्ये स्टार्टर फिरत नाही पण 'एन'मध्ये फिरतो, किंवा डॅशबोर्डवर भलताच गिअर दिसतो, तर केबल किंवा बॉक्सवरचा गिअरचा स्विच सरकलाय. हे दहा नंबरच्या पान्याचं काम, घाबरू नका. गिअर बदलताना झटके येत असतील तर दोन बॉक्समधला फरक लगेच कळतो. ओव्हरहॉल केलेल्या बॉक्सला स्कॅनरने मॉड्यूलमधली गिअर बदलायची जुनी शिकवण पुसून नव्याने शिकू दिलं की तो बहुधा सुधारतो. वापरलेला मात्र शिकवूनही झटके देत राहिला तर प्रेशर गेज लावून दाब मोजल्याशिवाय दुसरा इलाज नाही.

कुलर आणि त्याच्या नळ्या दोन्ही बाबतींत फ्लश करायच्याच. हवा मारून भागत नाही.

खळ्यातलं काम

बॉक्स ट्रान्सफर केससकट (फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकांना ताकद देणारा भाग) शंभर किलोच्या आसपास भरतो. गाडी उचलून खाली चिरे लावायची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून ते करू नका. जांभा चिरा भिंतीत भार पेलतो. पण जॅक पॉइंटचा सगळा भार एका बिंदूवर आला की तो फुटतो, आणि खाली माणूस असतो. लोखंडी स्टँड भाड्याने आणा, बॉक्ससाठी ट्रान्समिशन जॅक आणा, आणि मदतीला एक माणूस ठेवा. मिरग लागल्यावर उघड्यावर बॉक्स उघडा ठेवायचा नाही. ती दमट हवा ऑइलला मानवत नाही.

मग कोणी काय करावं? गाडी बागायतीच्या आणि होमस्टेच्या कामाची असेल, पावसाळ्यात उभी राहू शकत असेल, तर मे संपता संपता आपला बॉक्स उतरवा, कारागिराकडे पाठवा आणि गणपतीच्या आत, पावसाने उघडीप दिली की पत्र्याच्या शेडखाली चढवा. ऐन हंगामात गाडी बंद पडली, रोजचं भाडं बुडतंय, आणि नंबर जुळणारा, कोरडा, चेंबर उघडून दाखवलेला बॉक्स मिळतोय, तर वापरलेला घ्या. पण आपला जुना बॉक्स भंगारात देऊ नका, पत्र्याखाली झाकून ठेवा. बसवलेला बॉक्स धोका देऊ लागला तर उघडून घ्यायला तोच हाताशी असेल.

दोन्हींत पहिले काही दिवस बोजा न भरता सपाटीवरच चालवा, मग रिकाम्या गाडीने घाट करा. परत आल्यावर चेंबर काढून चुंबक पुसा, ऑइल आणि फिल्टर बदला. त्यानंतर पेट्या भरा.