एक्सएस बीसीडी, ७ महिने, १९ डाइव्ह: सगळं बसलं, कमरेचा पट्टा सोडून

माझी उंची ४ फूट १० इंच, वजन ४४ किलो. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सच्या वेळी सेंटरचं मिडियम बीसीडी, म्हणजे टँक पाठीवर धरणारं, हवा भरता-सोडता येणारं जॅकेट मिळायचं, पाण्यावर हवा भरली की ते कानापर्यंत वर यायचं आणि माझा निम्मा वेळ ते खाली ओढण्यात जायचा. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये स्वतःचं घेतलं, लहान एक्सएस साइजचं, २९ हजारांना. पगारी माणसाला ही रक्कम थोडी नाही, अख्खा दिवाळीचा बोनस त्यात गेला. १९ डाइव्ह झाल्या, १५ मालवणला आणि ४ कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ.

घोळ झाला नेत्राणीला. मुरुडेश्वरहून बोटीने गेलो, समुद्र शांत, पाणी स्वच्छ, दुसरी डाइव्ह चाललेली, आणि १४ मीटरवर पोटावरचा वेल्क्रोचा पट्टा सुटला. एकदम पाठीवरचं ओझं डावीकडे कलंडलं आणि त्याच्याबरोबर मीही. छातीचं बकल होतं म्हणून जॅकेट अंगावर राहिलं. बडीने, म्हणजे पाण्यात जोडीला असलेल्या मैत्रिणीने टँक धरला, पट्टा परत लावला, दोन मिनिटांत परत सुटला, मग डाइव्ह तिथेच संपवली. वर येताना ५ मीटरवर थोडं थांबायचं असतं, तो सेफ्टी स्टॉप तीन मिनिटं तिने माझा टँक धरून करवला. मी खूप घाबरले होते.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला वेल्क्रो झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. फोटो पाठवले तर म्हणे तुम्ही मिठाचं पाणी नीट धुतलं नसणार. प्रत्येक डाइव्हनंतर मी जॅकेट गोड्या पाण्यात भिजवते, आतून धुते, सावलीत वाळवते, आणि वेल्क्रोला तर साधी वाळूसुद्धा अडकलेली नव्हती! तीन आठवडे फोनाफोनी, हाती काही नाही.

शेवटी घरी फरशीवर पसरून बघितलं तेव्हा कारण कळलं. पट्ट्याच्या एका टोकाला काटेरी वेल्क्रो, दुसऱ्याला मऊ. मोठ्या पोटावर दोन्ही बरोबर एकमेकांवर येतात. माझ्या कमरेला ओढला की काटेरी टोक मऊ भाग ओलांडून पुढे साध्या कापडावर जातं आणि प्रत्यक्ष चिकटतं किती, तर जेमतेम तीन बोटं. त्यात १० मीटरवर दाब दुप्पट होतो, वेटसूटमधले हवेचे बुडबुडे दबून सूट पातळ होतो, म्हणजे बोटीवर घट्ट बसलेला पट्टा खाली ढिलाच पडणार. मी तो सारखा आवळत होते, आणि जितका आवळला तितकी पकड कमी होत गेली. जॅकेट एक्सएस म्हणून विकायचं आणि पट्टा कुणाच्या कमरेचा लावायचा?

इथपर्यंतचं एप्रिलमध्ये रागात लिहून ठेवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, घेऊ नका. आता मे संपत आलाय आणि ते वाक्य मी काढून टाकलंय.

झालं असं की कोल्हापूरला घराजवळ प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात. पट्टा जॅकेटपासून सुटा निघतो, तेवढाच घेऊन गेले. त्यांनी तो मला कमरेला लावायला लावला, कुठे संपतो तिथे खडूने खूण केली आणि म्हणाले, "ताई, मऊ पट्टी पुढं वाढवायला पायजे, नुसतं चिकटवून भागायचं न्हाई, दुहेरी शिलाई मारतो." एक वीतभर जादा मऊ वेल्क्रो, नायलॉनचा दोरा, १५० रुपये. त्यानंतर मालवणला ५ डाइव्ह केल्या, पट्टा एकदाही हलला नाही. जॅकेट आता इतकं अंगाबरोबर राहतं की टँक पाठीवर आहे हे विसरायला होतं. फक्त शिलाई सुट्या पट्ट्यावरच मारा, जॅकेटच्या हवेच्या पिशवीजवळ सुई नेऊ नका.

म्हणून लहान चणीच्या लोकांना सांगणं एवढंच, दुकानात नुसतं खांद्यावर अडकवून आरशात बघू नका. टँक लावायला सांगा, पूर्ण हवा भरा, बरगड्या आवळतात का बघा, कुणाला तरी जॅकेट खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. आणि वेल्क्रो किती चिकटतो ते हाताने मोजा, तळहाताएवढा तरी हवा.

बाकीचं थोडक्यात. पाण्याखाली जायला अंगावर लावतात ती वजनं आधी सगळ्यांना देतात तशी मलाही ६ किलो दिली होती, ३ मिमी सुटात मला ३ किलो पुरतात. पण हे डाइव्हच्या शेवटी तपासा, कारण टँकमधला दाब २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत ८० घनफुटी टँकमधली जवळपास २ किलो हवा आपण वापरलेली असते आणि हलका झालेला ॲल्युमिनियमचा टँक आपल्याला वर ओढायला लागतो. तो टँक माझ्या पाठीला लांबच पडतो, बँड खाली लावला तर डोक्याला व्हॉल्व्ह लागतो, वर लावला तर मांड्यांना बूड. सेंटरवर ६३ घनफुटी असेल तर मागून घ्या, आपल्याला हवाही कमी लागते. वेटसूट मी मुलांच्या साइजमधला घेतला, निम्म्या किमतीत, मागे कमरेत थोडं पाणी आतबाहेर करतं पण मालवणच्या पाण्यात चालून जातं.

आणि जबडा दुखत असेल तर रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते यंत्र, बदलू नका, त्याचा दातात धरायचा लहान माउथपीस मिळतो, झिप टाय कापून पाच मिनिटांत बसतो. मला हे १२ व्या डाइव्हनंतर कुणीतरी सांगितलं, तोपर्यंत प्रत्येक डाइव्हनंतर भाकरी चावतानासुद्धा कानाखाली ठणकायचं.

दुकानदाराला मी काकांच्या शिलाईचा फोटो पाठवलाय. बघितलाय त्याने, उत्तर नाही.