प्रोजेक्टचं लिखाण कुठे ठेवायचं: शेअर्ड डॉकमध्ये की रिपॉझिटरीत?

कॉलेजच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टची टीम ठरली, विषय मंजूर झाला, की पुढचा वाद लिखाणावरून होतो. सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात प्रस्ताव), एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं त्याचा दस्तऐवज), डिझाइन, टेस्ट केसेस, शेवटचा रिपोर्ट आणि कोणी काय कधी करायचं याचं वेळापत्रक, हे सगळं ठेवायचं कुठे? एक मार्ग म्हणजे सगळ्यांना एडिट करता येईल असं ऑनलाइन शेअर्ड डॉक आणि जोडीला एक शीट. दुसरा म्हणजे कोडच्याच गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातला प्रत्येक बदल जपून ठेवणारी जागा) डॉक्सचा फोल्डर, त्यात मार्कडाउनच्या फाइल्स (साध्या खुणांनी मांडणी केलेला मजकूर), आणि नियोजनासाठी इश्यू, म्हणजे तिथेच केलेल्या कामांच्या नोंदी. थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट मी पहिल्या पद्धतीने केला, फायनल इयरचा दुसऱ्या. दोन्ही वेळेत पूर्ण झाले आणि दोन्ही रिपोर्ट स्वीकारलेही गेले, त्यामुळे यातली एक पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही.

शेअर्ड डॉकची मोठी सोय म्हणजे ते कोणाला शिकवावं लागत नाही. पहिल्याच संध्याकाळी चौघं लिहायला लागतात. गाईडना लिंक पाठवली की ते वाक्यावर बोट ठेवून कॉमेंट टाकतात, आपण दुरुस्ती करून ती मिटवतो. सिनॉप्सिस आणि लिटरेचर सर्व्हे, म्हणजे ज्या भागांचा कोडशी संबंध नाही, त्यांच्यासाठी याहून बरं काही मला तरी सापडलेलं नाही. टेस्ट केसेसचे लांबरुंद तक्तेही तिथे सुखाने बसतात. मार्कडाउनमध्ये सहा-सात रकान्यांचा तक्ता हाताने लिहायचा म्हणजे डोकेदुखी असते, आणि दोन चौकटी जोडून एक करायची सोयच नसते.

एसआरएसचा साचा दोन्हीकडे सारखाच बसतो. अनेक ठिकाणी अजून आयईईई 830 या मानकाचा 1998 सालचा आराखडा वापरला जातो. त्याची जागा 2011 मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई 29148 ने घेतली आणि 2018 मध्ये त्याचीही सुधारित आवृत्ती आली. गाईडना कुठला हवा आहे ते आधी विचारून घ्या. साचा कुठलाही असो, रिक्वायरमेंटचे (गरजांचे) क्रमांक मात्र हाताने द्या. शेअर्ड डॉकमधल्या आपोआप क्रमांकांच्या यादीत मध्येच एक मुद्दा घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात, आणि टेस्ट केसमध्ये लिहिलेला सात नंबर भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवायला लागतो. ‘एफआर-07’ (एफआर म्हणजे फंक्शनल रिक्वायरमेंट) असं लिहिलं की ते जन्मभर ‘एफआर-07’ राहतं. एखादी रिक्वायरमेंट रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नका.

आता माझ्यासाठी ज्या गोष्टीने निकाल लावला त्याकडे येतो: आकृत्या.

रिपोर्टचा क्रम आपण वॉटरफॉलसारखा लिहितो: आधी गरजा, मग डिझाइन, मग कोड, मग चाचणी. हा क्रम सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉईस यांच्या 1970 च्या ज्या पेपरशी जोडला जातो, त्याच पेपरमध्ये तो असा सरळ राबवणं जोखमीचं आहे असंही म्हटलेलं आहे. प्रत्यक्षातही तसंच होतं. कोड लिहायला घेतला की डिझाइन बदलतं, बदलायलाच हवं. आमचा मिनी प्रोजेक्ट प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या बुकिंगचा होता. ईआर डायग्राममध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या गोष्टी आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या आकृतीत, विद्यार्थी, उपकरण आणि बुकिंग असे तीन चौकोन, एका बुकिंगला एक उपकरण. कोड करताना लक्षात आलं की एकाच बुकिंगमध्ये ऑसिलोस्कोपही लागतो आणि पॉवर सप्लायही. म्हणून मध्ये एक टेबल घातलं, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारा कोड) चालवलं आणि पुढे गेलो. पण डॉकमधली आकृती हे एक चित्र होतं. तिची मूळ फाइल ज्याने ती काढली त्याच्या खात्यात होती, आणि तो त्या आठवड्यात दुसऱ्या विषयाच्या सबमिशनमध्ये अडकलेला. एक रेघ आणि एक चौकोन वाढवायला त्याची वाट पाहायची, मग नवं चित्र आणायचं, जुनं काढून तिथे बसवायचं, पानाची मांडणी सावरायची. हीच कसरत क्लास डायग्रामसाठी (कोडचे भाग दाखवणारी आकृती) आणि सिक्वेन्स डायग्रामसाठीही (कामाचा क्रम दाखवणारी). व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, “एका बुकिंगमध्ये दोन उपकरणं घ्यायची असतील तर?” आमच्या प्रोग्राममध्ये ते होत होतं. कागद मात्र सांगत होता की होत नाही.

डॉकलाही व्हर्जन हिस्टरी असते, हे मान्य. कोणी कधी काय बदललं ते तिथे दिसतं. त्या बदलाबरोबर कोडमध्ये काय बदललं, किंवा बदलायला हवं होतं, ते मात्र दिसत नाही.

फायनल इयरला आम्ही आकृत्या मजकूर म्हणून लिहिल्या. मर्मेड या मजकुरातून आकृती काढणाऱ्या साधनात ईआर डायग्राम म्हणजे थोड्याच ओळी असतात: कुठलं टेबल, त्यात कुठले रकाने, कोणाचं कोणाशी नातं. गिटहबवर (गिट रिपॉझिटरी ऑनलाइन ठेवायची साइट) 2022 पासून मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या या ओळींची आकृती आपोआप दिसते. सिक्वेन्स, क्लास आणि गँट चार्टही (कामांचं वेळापत्रक पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) त्यात होतात; युज केससाठी (कोण काय करू शकतो ते दाखवणारी आकृती) आम्हाला प्लँटयूएमएल हे तसंच दुसरं साधन जास्त सोयीचं वाटलं. टेबल बदलायचं तर मायग्रेशनची फाइल आणि आकृतीची ओळ एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात), असा नियम केला. पुल रिक्वेस्टच्या (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याआधी तपासायला देण्याची विनंती) टेम्प्लेटमध्ये एक प्रश्न कायमचा टाकला: “स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलला का? आकृती बदलली का?” तपासणारा तिथेच अडवायचा. यामुळे प्रत्येक आकृती शंभर टक्के अचूक राहिली असा दावा मी करत नाही. पण आकृती चुकीची आहे हे ज्याला दिसेल, त्याला ती स्वतःच तिथल्या तिथे दुरुस्त करता यायची, हा फरक मला फार मोठा वाटला.

नियोजनात इतकं अंतर नाही. शीटमधला गँट चार्ट सिनॉप्सिसला जोडायला छान दिसतो, पण तो रोज कोणालातरी हाताने अद्ययावत ठेवावा लागतो. इश्यू आणि माइलस्टोनमध्ये (एका टप्प्यातल्या इश्यूंचा गट) काम बंद केलं की किती टक्के झालं ते आपोआप पुढे सरकतं, आणि कमिटच्या मेसेजमध्ये ‘फिक्सेस’चा शब्द व इश्यूचा क्रमांक लिहिला की तो बदल मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) आल्यावर इश्यू बंद होतो. प्रोजेक्ट डायरी भरताना ही यादी समोर असली की गेल्या आठवड्यात काय केलं ते आठवत बसावं लागत नाही. मात्र कमिटच्या संख्येवरून कोणाचं योगदान मोजू नका. ज्याने तीन दिवस कोडच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) तपासून एक नाकारली, त्याचं काम तिथे उमटत नाही. त्यासाठी आम्ही निर्णयांच्या छोट्या नोंदी ठेवायचो: प्रश्न काय होता, पर्याय कुठले, काय निवडलं आणि का. सॉफ्टवेअर अभियंते मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये सुचवलेली ही पद्धत आहे. “हाच डेटाबेस का घेतला?” या ठरलेल्या प्रश्नाला त्या नोंदींइतकं नेमकं उत्तर ऐन वेळी सुचत नाही.

रिपॉझिटरीचा त्रासही सांगायला हवा. गिट ओळीओळीने तुलना करतं, त्यामुळे दोघांनी एकाच लांबलचक परिच्छेदाला हात लावला की कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणाचा बदल ठेवायचा ते हाताने ठरवावं लागतं. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा, हा त्रास बराच कमी होतो. वाचताना तो एकच परिच्छेद दिसतो. गाईडना पुल रिक्वेस्टवर कॉमेंट टाकायला सांगणं प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. आम्ही त्यांना पीडीएफ द्यायचो आणि त्यांच्या सूचना इश्यू म्हणून नोंदवायचो. आणि कॉलेजला शेवटी ठरावीक फॉन्टची, ठरावीक मार्जिनची वर्ड फाइल लागते. पॅनडॉक या फाइलचं रूपांतर करणाऱ्या साधनाला कॉलेजच्या साच्याची फाइल रेफरन्स-डॉक म्हणून दिली की हेडिंगच्या शैली त्यातून येतात. मर्मेडच्या आकृत्या मात्र पॅनडॉक स्वतःहून काढत नाही, त्यांची आधी पीएनजी चित्रं करून घ्यावी लागतात.

तुमच्या टीममध्ये गिट नीट येणारा एकच जण असेल, किंवा प्रोजेक्टमध्ये कोडपेक्षा अभ्यास आणि सर्वेक्षण जास्त असेल, तर शेअर्ड डॉकच घ्या. निदान आकृत्यांच्या मूळ फाइल्स सगळ्यांना उघडता येतील अशा जागी ठेवा. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेस आहे आणि निम्म्या टीमला तरी ब्रँच काढून पुल रिक्वेस्ट करता येते, त्यांनी सिनॉप्सिस डॉकमध्ये लिहून एसआरएसपासून पुढचं सगळं रिपॉझिटरीत न्यावं, असं मी सुचवेन. वर्डमध्ये पहिलं रूपांतर सबमिशनच्या बरंच आधी एकदा करून पाहा, म्हणजे तक्ते कुठे फाटतात ते कळेल. त्यानंतरही मजकुरातली दुरुस्ती मार्कडाउनमध्येच करा आणि वर्डची फाइल पुन्हा काढा. मुखपृष्ठ, सर्टिफिकेट आणि सह्यांची पानं तेवढी शेवटी हाताने जोडा.