जुनी जे/24 की जुनी जे/80?

जे/24 आणि जे/80 या शर्यतीच्या शिडाच्या बोटींच्या दोन जाती. अशी जुनी बोट बघताना चकचकीत रंगाकडे पाहू नका. आधी सांगाडा, मग शिडं.

जे/24 1977 पासूनची, 7.32 मीटर लांब. जगभर हजारो बनल्या, त्यामुळे स्वस्तात मिळते. पण तिच्या आवरणात फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. डेकवरच्या बोल्टांपाशी पाणी झिरपलं की ते आतून कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा; आवाज टणक हवा, बद्द आला तर किंमत पाडा. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा जिथे बांधलेल्या असतात, तिथली आडवी भिंत आणि कीलचे (बोटीच्या तळाखालच्या जड पंखाचे) बोल्ट जरूर तपासा. दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

जे/80 नव्वदच्या दशकातली, 8 मीटरची. बाल्सा तिच्यातही आहे, तेव्हा ठोकणं चुकत नाही. वाऱ्यासोबत जाताना नाळेतून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातून, पुढे सरकणाऱ्या दांड्यावर असममित स्पिनेकर (दोन्ही बाजू सारख्या नसलेलं मोठं, फुगणारं शीड) उभारता येतो, आणि बोट सुसाट पळते. जे/24 च्या स्पिनेकरचा खांब प्रत्येक वळणावर हलवावा लागतो. कसबी खलाशी हवेत.

वेग मात्र एकट्याने चालवून कळत नाही. त्याच वर्गाच्या, म्हणजे त्याच जातीच्या, दुसऱ्या बोटीशेजारी चालवूनच बघा. माझं मत जे/80 कडे झुकतं. पण तुमच्या क्लबात जे/24 चा ताफा असेल, तर निःशंक तीच घ्या.