पहिले दहा भाग फुकट: मायक्रोड्रामात पैसे नेमके कुठे जातात

चीनमध्ये मायक्रोड्रामांबद्दल ग्राहक संघटनांकडे जाणाऱ्या तक्रारींत एक गोष्ट वारंवार दिसते: तक्रार मुलानं किंवा मुलीनं केलेली असते आणि पैसे गेलेले असतात आई-वडिलांचे. निरोप आणि पैसे पाठवायचं चिनी अ‍ॅप वुईचॅट, त्यावरचा हिशेब सहज उघडून बघितला की कळतं, कधी दहा युआन, कधी तीस, कधी पन्नास, आणि तेही कधी न ऐकलेल्या कंपन्यांच्या नावावर. आईला विचारलं तर ती म्हणते, मी नुसती मालिका बघत होते. ती खोटं बोलत नसते. पैसे कधी गेले ते तिला खरंच कळलेलं नसतं, कारण ते कळू नये अशीच ती सगळी रचना आहे.

मायक्रोड्रामा म्हणजे मोबाइल उभा धरून बघायची मालिका. एक भाग मिनिट-दोन मिनिटांचा, एकूण भाग साधारण साठ ते शंभर. 2024 मध्ये चीनमधली त्यांची उलाढाल 5,000 कोटी युआनवर गेली आणि चित्रपटगृहांच्या तिकीटविक्रीलाही तिनं मागे टाकलं. त्या वर्षअखेरीस प्रेक्षक होते 66 कोटींच्या आसपास.

कथा बघा, म्हणजे सापळा कुठे लावलाय ते दिसेल. नायिकेचा अपमान होतो. सासू, नवरा, श्रीमंत मैत्रीण, सगळे मिळून तिला घालूनपाडून बोलतात. ती खरी कोण आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, त्या माणसांना नसतं. दहाव्या भागाच्या आसपास तिची ओळख उघड होणार, समोरच्याच्या थोबाडीत बसणार, एवढ्यात भाग संपतो आणि पैशांची चौकट येते. ही जागा लिहितानाच ठरवलेली असते. पैसे भरायला लावणारा प्रसंग कितव्या भागात हवा, हे पटकथेत आधी ठरतं आणि बाकीची कथा त्याभोवती विणली जाते.

ज्येष्ठांसाठीच्या मालिकांत नायिका पन्नाशी-साठीची असते. आयुष्यभर राबलेली, सुनेनं घराबाहेर काढलेली. साध्या दिसणाऱ्या एका माणसाशी ती घाईत लग्न करते आणि तो मोठ्या उद्योगसमूहाचा मालक निघतो. गाव सोडून मुलाच्या शहरात नातवंडं सांभाळायला आलेल्या, दिवसभर कुणाशी दोन शब्द न बोललेल्या बाईला हे बघताना काय वाटत असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तिला हसू नका. तिला मान हवा आहे, आणि विकला जातोय तोच. अब्जाधीश मालकांच्या कथांना आवर घाला, असं चीनच्या प्रसारण नियामकानं 2024 च्या अखेरीस निर्मात्यांना बजावलंही.

आता ती चौकट नीट बघा. वर मोठ्या अक्षरांत नाममात्र रक्कम, कधी एक युआनपेक्षाही कमी. खाली फिकट, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही पहिल्या वेळची किंमत आहे, पुढे दर आठवड्याला किंवा महिन्याला पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल. दुसरा पर्याय 'नाणी' घेण्याचा. नाणी घेतली की एका भागाला किती युआन पडले याचा हिशेब डोक्यात राहत नाही. त्याखाली एक खूण आधीच केलेली असते: पुढचा भाग आपोआप उघडा. म्हणजे बोट वर सरकवलं की भाग उघडतो आणि नाणी जातात, विचारणा होत नाही. त्यात लहान रकमांसाठी पासवर्ड न विचारण्याची सोय चालू असली तर नाणी संपल्यावरचा रिचार्जही एका बोटावर होतो. अशा रीतीनं एक मालिका संपवायला शंभर युआनच्या वर खर्च होऊ शकतो. तीच मालिका दुसऱ्या नावानं दुसरीकडेही असते, त्यामुळे एकदा पैसे भरून बघितलेलं पुन्हा विकत घेणारेही आहेत.

परतावा मागताना खरी अडचण येते. मालिका बहुधा वुईचॅट किंवा डोयिन (टिकटॉकची चिनी आवृत्ती) यांच्या आतल्या छोट्या प्रोग्रामवर चालते. तो बंद होतो, नाव बदलतो, ग्राहकसेवेत यंत्र उत्तर देतं. म्हणून आधी कापणी थांबवायची: वुईचॅटमध्ये सेवा, मग वॉलेट, मग पेमेंट सेटिंग, आणि तिथे आपोआप होणारी वजावट बंद करायची. मग व्यवहाराचे स्क्रीनशॉट घेऊन 12315 या चीनच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. क्रम उलटा केला तर तक्रार चालू असतानाच पुढचा हप्ता जातो.

या धंद्याच्या आडोशानं दुसरीही फसवणूक चालते. मालिकांच्या क्लिप टाकून कमिशन मिळवा असं सांगून 'एजंट' होण्याचे हजारो युआन घेतात. आमच्या मालिकेत गुंतवणूक करा म्हणतात. मुलाला भूमिका देतो म्हणून आई-वडिलांकडूनच पैसे काढतात. खरं काम देणारा निर्माता नटाला पैसे देतो, मागत नाही.

आपल्याकडे ही घडण जशीच्या तशी आली आहे, फक्त वुईचॅटच्या जागी यूपीआय ऑटोपे आहे. हिंदी मायक्रोड्रामांची अ‍ॅप्स एक-दोन रुपयांत चाचणी देतात. पिन टाकताना आपल्याला वाटतं एक रुपया दिला. प्रत्यक्षात त्या पिननं आपण पुढच्या वजावटींचीही परवानगी दिलेली असते. मंजुरीच्या पडद्यावर तीन गोष्टी वाचा: कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ही तारीख कित्येक वर्षं पुढची असू शकते. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा वजावटीला पुन्हा पिन लागत नाही. कापण्याच्या 24 तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे, पण ती जाहिरातींच्या मेसेजांत बुडते.

अ‍ॅप काढून टाकल्यानं परवानगी रद्द होत नाही, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आई-वडिलांचा फोन हातात घ्या, त्यांच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडा, चालू परवानग्या त्यांच्यासमोरच वाचा आणि नको त्या रद्द करा. गुगल प्लेमधून घेतलेलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये वेगळं रद्द करावं लागतं. वर्गणीचा असा सापळा लावणं 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकांची दिशाभूल ठरतं, तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तसं स्पष्ट सांगा. मालिका बघण्याचे किंवा रेटिंग देण्याचे पैसे देतो असं टेलिग्रामवर सांगून कुणी पैसे घेतले असतील तर ते प्रकरण वेगळं, त्यासाठी लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आणि परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा. चीनमध्ये असे दलाल आधी शुल्क घेतात आणि गायब होतात. इकडे इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' क्रमांक स्क्रीन शेअर करायला लावतो आणि खातं रिकामं करतो. संपर्काचा पत्ता अ‍ॅपच्या आतला किंवा प्ले स्टोअरच्या पानावरचाच घ्या. परताव्यासाठी पिन, ओटीपी किंवा स्क्रीन कधीच लागत नाही.