चुनकळी की मॅग्नेशिया? आधी पाण्याचं विचारा

कार्बन डायऑक्साइड धरण्यासाठी ऑक्साइड निवडताना नुसते कागदावरचे आकडे पाहिलेत, तर मॅग्नेशियम ऑक्साइडच, म्हणजे मॅग्नेशियाच, घ्याल. त्याचा 1 ग्रॅम हिशेबाने 1.09 ग्रॅम वायू धरतो. कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुनकळी, 0.79 वरच थांबते. पण मॅग्नेशियाची साधी पूड कोरड्या वायूत ठेवून पाहा, वजन जेमतेम हलतं. वर कार्बोनेटचं अस्तर चढतं, आतला माल कोराच राहतो.

पृष्ठभागावर घडतं ते असं. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन ऑक्साइडच्या ऑक्सिजनला चिकटतो आणि कार्बोनेट होतं. पाण्याचा रेणू धातूच्या आयनावर बसतो, त्याचा एक हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनवर जातो, की झाले दोन हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. म्हणजे जागेवरून भांडण आलंच. पण पाणी नुसतं जागा अडवत नाही. हायड्रॉक्सिलला कार्बन डायऑक्साइड भेटला की बायकार्बोनेट बनतं, आणि ते कार्बोनेटपेक्षा सहज सुटतं.

चुनकळीचं काम 600 ते 700 अंश सेल्सिअसला झपाट्याने चालतं. धरलेला वायू शुद्ध स्वरूपात सोडवायला मात्र 900 च्या आसपास जावं लागतं, आणि दर फेरीला कण एकमेकांत भाजून घट्ट होतात. इथे पाणीच औषध. थंड चुनकळीवर चार थेंब टाका: ती फुसफुसते, तडकते, हाताला चटका बसेल इतकी तापते आणि भुकटी होते. थकलेल्या चुनकळीला मधूनच अशी वाफ दिली की बुजलेली छिद्रं उघडतात. 650 अंशांना चुनकळी आणि पाण्यापासून बनणारं हायड्रॉक्साइड टिकत नाही, त्यामुळे ही पायरी वेगळी, कमी तापमानाला करावी लागते. शिवाय कण ठिसूळ होऊन वायूबरोबर उडतात, तो खर्च धरा.

मॅग्नेशियावर सोडियम नायट्रेटसारख्या क्षाराचा लेप दिला, तर तो वितळून 300 अंशांच्या आसपास काम मार्गी लावतो. उष्णता कमी असेल तर मी हाच पर्याय घेईन. भट्टीजवळचा तप्त वायू असेल तर चुनकळी, दुसरा विचार नको.

टायटॅनियम डायऑक्साइड या शर्यतीत नाहीच. रुटाइल या त्याच्या स्फटिकरूपाच्या स्वच्छ पृष्ठभागावरून कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाच्या बराच आधी निसटतो आणि पाणी त्याची जागा घेतं. प्रकाशाने अभिक्रिया घडवायची असेल तरच तो बघा.

नमुना मागवलात तर चाचणी दमट वायूत घ्या, आणि बाहेर पडणारा वायूही मोजा. तराजूवर वाढलेल्या वजनात पाणी किती, हे तराजू सांगत नाही.