एअर बेड घ्या, पण त्यावर वाकळ घालू नका

लकव्यानंतर किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस अंथरुणाला खिळलं की पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून घरात बबलवाला एअर बेड येतो. दोन-चार हजारांत मिळणारी ही वस्तू पैसे वसूल करते. वाया जाते ती घालण्याच्या पद्धतीमुळे.

गादीत हवेचे दोन वेगळे कप्पे असतात. पंप एक फुगवतो तेव्हा दुसरा सैल होतो. एक फेरी साधारण दहा-बारा मिनिटांची. माकडहाडाचा दाब एका जागी साचत नाही, तो यामुळे. पण म्हणूनच एक बबल फुटला तरी अर्धी गादी बसते. डब्यातली ठिगळं टाकून देऊ नका.

एअर बेड नेहमीच्या गादीवर पसरायचा, पंप पायथ्याला अडकवायचा, नळ्या भिंत आणि कॉटच्या फटीत दबू द्यायच्या नाहीत. बटण पूर्ण फिरवून अर्धा तास फुगवा, मग पेशंटला झोपवून वजनाप्रमाणे कमी करा. खरी परीक्षा हाताची. एअर बेडखाली, बरोबर ढुंगणाच्या जागी तळवा सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. इंचभर अंतर हवं. उलट गादी दगडासारखी टणक ठेवली तरी उपयोग शून्य.

आता वाकळ. आजींना प्लास्टिक गरम लागतं, घाम येतो, म्हणून त्या वाकळ मागतात. मग रबर शीट, वाकळ, वर घडीची चादर. एवढ्या थरांखाली बबलची हालचाल अंगापर्यंत पोचतच नाही. एकच पातळ सुती चादर, तीही सैल. ताणून खोचली की झोळी होते.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हवा हळूहळू उतरते. पंप सात-आठ वॅटचा, महिनाभर अखंड चालला तरी पाच-सहा युनिट. त्यामुळे छोटा इन्व्हर्टर पुरतो. तो नसेल तर नळ्या पंपातून काढून दुमडून बांधा, हवा थोडा वेळ टिकते.

दुकानदार सांगतो, ‘कूस बदलायची कटकट गेली.’ गेलेली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचीच, टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्यायची. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात; सावळ्या कातडीवर डाग दिसत नाही, तिथे गरमपणा आणि कडकपणा चाचपावा. डागावर चोळायचं मात्र नाही.

स्वतः उठून बसणाऱ्या माणसाला हा बेड देऊ नये. कडेला बसलं की हवा दबते आणि माणूस घसरतं. शिवाय गादीची उंची दोन-अडीच इंच वाढते, तेवढा कठडा कमी पडतो.

जुना घेत असाल तर दुकानातच फुगवा, वर कुणाला तरी झोपवा आणि दोन फेऱ्या होईपर्यंत हलू नका.